पानापासून गोळीपर्यंत

माझ्या खालेकडे बिबळ्याच्या लाकडाचा एक पेला होता. खाला म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. तिला बारा-तेरा वर्षांचा मधुमेह. एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून तो पेला मीच तिला आणून दिला होता. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी अनशापोटी प्यायचं, एवढीच रीत. सकाळपर्यंत पाणी तांबूस व्हायचं आणि उन्हात धरलं की त्यावर निळसर झाक यायची. कविता लिहिणारा माणूस रंगाला लवकर भुलतो. मी भुललो. "खाला, झाडाचं औषध आहे, अपाय काही नाही," असं मी तिला मोठ्या विश्वासानं सांगितलं.

तीन महिन्यांनी कळलं, की खालेनं गोळ्या बंद केल्या होत्या. गोळ्या सोड असं मी म्हटलं नव्हतं. पण गोळ्या घेतेस ना, असंही विचारलं नव्हतं. चपलेचा खिळा पायाला लागल्याचं निमित्त झालं. जखम तिला जाणवलीच नाही, कारण मधुमेहानं पावलाची संवेदना आधीच कमी झालेली होती. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर चारशेच्या वर होती. पाय वाचला, पण दोन बोटं गेली.

त्यानंतर बरेच दिवस एक प्रश्न माझ्या मनातून जाईना. त्या तांबूस पाण्यात खरंच काही होतं का? होतं, तर खालेला गुण का आला नाही? आणि नव्हतं, तर आपल्या वाडवडिलांनी बिबळा, जांभूळ, गुडमार, कारलं यांची नावं पिढ्यान् पिढ्या उगाच सांगितली का? मी बी.ए. झालेला माणूस. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच सुटलेला. पण चूक माझी होती, म्हणून शोधही मलाच घ्यावा लागला. जाणकारांना विचारलं, मिळेल ते वाचलं. त्यातून जे समजलं, ते आज तुम्हांला सांगतो. आपल्या देशात हा काही चार-दोन घरांचा प्रश्न नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीनं देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत. म्हणजे हे ऐकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या नात्यागोत्यात एखादी तरी खाला आहे.

आधी त्या पाण्याबद्दल. बिबळा म्हणजे संस्कृतातला विजयसार किंवा बीजक. त्याच्या गाभ्याच्या लाकडात एपिकॅटेचिन, टेरोस्टिलबिन अशी द्रव्यं असतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांचा रक्तातल्या साखरेवर परिणाम दिसलेला आहे. तेव्हा पाण्यात काहीच नव्हतं असं म्हणता येणार नाही. वैद्यकीय संशोधन परिषदेनं विजयसारची माणसांवर चाचणी घेतली आणि १९९८ साली तिचे निष्कर्ष छापून आले. चार केंद्रांत मिळून सत्त्याण्णव रुग्ण होते. बारा आठवड्यांत त्यांतल्या सदुसष्ट जणांची साखर आटोक्यात आली.

आकडा ऐकून मलाही वाटलं, म्हणजे मी बरोबरच होतो! पण पुढचं वाचल्यावर मान खाली गेली. ते सगळे रुग्ण नव्यानं निदान झालेले होते, माझ्या खालेसारखे बारा-तेरा वर्षांचे जुने नव्हते. त्यांना औषध मोजून दिलं जात होतं, साखर वेळोवेळी तपासून मात्रा वाढवली जात होती. शिवाय, ज्यांना विजयसार दिलंच नाही असा दुसरा गट तुलनेला नव्हता. नव्या रुग्णाला पथ्य सांगितलं, चालायला लावलं, डॉक्टरांनी दर आठवड्याला विचारपूस केली, की नुसत्या त्यानंही साखर उतरते. मग त्या सदुसष्टांतलं श्रेय विजयसारचं किती आणि पथ्याचं किती, हे या चाचणीतून वेगळं काढता येत नाही.

आणि माझा पेला? त्यातून रोज किती द्रव्य पाण्यात उतरत होतं, कोणाला ठाऊक! पहिल्या आठवड्यात पाणी गडद यायचं, दोन महिन्यांनी फिकट. म्हणजे औषधाची मात्रा रोज आपोआप कमी होत होती आणि खाला मात्र पहिल्या दिवसाच्याच भरवशावर होती.

वनस्पतीतून औषधी द्रव्य वेगळं काढण्याचा सगळा खटाटोप माणसं का करतात, याचं उत्तर मला या फिकट होत जाणाऱ्या पाण्यात मिळालं. कुठलं द्रव्य, किती, आणि दर वेळी तेवढंच, या तीन गोष्टी माहीत झाल्याशिवाय औषधावर विसंबता येत नाही.

द्रव्य वेगळं काढणं हे आपल्याला नवं नाही. सकाळचा चहा हे तेच काम आहे. गरम पाणी पानातला रंग, तुरटपणा आणि तरतरी ओढून घेतं, चोथा गाळण्यात राहतो. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, पण फोडणीच्या तेलात चटकन उतरतो. काही द्रव्यं पाण्यात विरघळतात, काही तेलात, काही मद्यार्कात. आपले वैद्य आणि हकीम हे जाणून होते. म्हणून कुठे काढा सांगितला, कुठे सिद्ध तेल, कुठे आसव. गुळवेलीचं सत्त्व घरोघरी केलं जायचं. 'अर्क' हा आपला शब्द अरबीतून आला. तिथे 'अरक' म्हणजे घाम. भांड्यातल्या वनस्पतीला आच दिली, की वाफ वर जाऊन थंड होते आणि थेंबाथेंबानं निथळते. त्या थेंबांना घाम म्हणणारा तो पहिला माणूस कोण असेल त्याचं मला कौतुक वाटतं.

प्रयोगशाळेत हेच काम नेटानं आणि मोजूनमापून होतं. पहिली पायरी झाड ओळखण्याची. एकाच नावानं दोन गावांत दोन वेगळी झाडं ओळखली जातात, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञाकडून शास्त्रीय नावाची खात्री करून घेतात आणि नमुना जपून ठेवतात. मग पाला सावलीत वाळवायचा, कारण उन्हानं काही द्रव्यं बिघडतात. त्याची भरड करायची आणि ती द्रावकात भिजत घालायची. कधी पाण्यात, कधी अल्कोहोलमध्ये, कधी पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात. यासाठी सॉक्सलेट नावाचं एक काचेचं उपकरण वापरतात. जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी ते १८७९ साली दुधातली स्निग्धता मोजण्यासाठी तयार केलं होतं. त्यात द्रावकाची वाफ होते, ती थंड होऊन भुकटीवर पडते, द्रव्य घेऊन खाली उतरते आणि पुन्हा वाफ होऊन वर जाते. तासन् तास हे चालू राहतं. मग हवेचा दाब कमी करून, फारशी उष्णता न देता द्रावक उडवून लावतात. मागे राहतो काकवीसारखा चिकट अर्क.

पण हा अर्क म्हणजे औषध नव्हे. त्यात शेकडो द्रव्यं असतात. जत्रेत हरवलेलं मूल शोधावं तसं त्यातून एक द्रव्य शोधायचं असतं. त्यासाठी अर्काचे भाग पाडतात आणि प्रत्येक भागाची परीक्षा घेतात. ज्या भागात गुण दिसतो तो ठेवायचा, त्याचे आणखी भाग पाडायचे. टीपकागदावर शाईचा ठिपका ठेवून कागदाची कडा पाण्यात बुडवली, की शाईतले रंग वेगवेगळे होऊन वर चढतात, हा खेळ आपण शाळेत केलेला असतो. याच तत्त्वावर पांढऱ्या भुकटीनं भरलेल्या काचेच्या नळीतून अर्क सोडतात. त्यातली द्रव्यं आपापल्या चालीनं खाली उतरतात, कोणी आधी, कोणी मागून. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांतले रंग असे वेगळे केले. म्हणून या पद्धतीचं नाव क्रोमॅटोग्राफी, ग्रीक भाषेत रंगलेखन. शेवटी हाती येणारं शुद्ध द्रव्य किलोभर पाल्यातून कित्येकदा चिमूटभरही नसतं. मग यंत्रांच्या साहाय्यानं त्याच्या रेणूची रचना ठरवतात.

त्यानंतर खरी कसोटी सुरू होते. परीक्षानळीत एखाद्या विकराला अडवून दाखवणं सोपं. उंदरांवर गुण दिसणंही पुरेसं नाही. प्रयोगासाठी उंदरांना बहुतेक वेळा एक विषारी द्रव्य टोचून त्यांच्या स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशी मारतात. असा एका दिवसात मधुमेही झालेला उंदीर आणि वीस वर्षांत हळूहळू मधुमेही झालेला माणूस यांत फरक असणारच. वर्तमानपत्रात आपण अनेकदा वाचतो, 'अमुक पानात मधुमेहावर गुणकारी द्रव्य सापडलं.' त्यातल्या बहुतेक बातम्या याच पायरीवरच्या असतात. ती बातमी खोटी नसते, पण ती पहिल्या मुक्कामाची असते. गाव अजून दूर असतं.

हा पल्ला पार पडलेला एक प्रवास तुमच्यापैकी अनेकांच्या औषधाच्या डबीत आहे. मेटफॉर्मिन ही गोळी मधुमेहींना नवी नाही. तिचं मूळ युरोपातल्या एका झुडपात आहे. त्याचं शास्त्रीय नाव गलेगा ऑफिसिनॅलिस. जांभळट फुलांचं, शेंगवर्गातलं झुडूप. युरोपात जुन्या काळी लोक ते औषधी म्हणून वापरत. गुरांचं दूध वाढतं अशीही समजूत होती. १८९१ साली चारा म्हणून ते अमेरिकेतल्या युटा प्रांतात नेलं. तिथे ते तणासारखं माजलं आणि कळून आलं, की ते गुरांना, विशेषतः मेंढ्यांना विषारी आहे. झाड आपल्या पानात द्रव्यं तयार करतं ती माणसाची साखर उतरावी म्हणून नव्हे. चरणारं तोंड आणि कुरतडणारी कीड दूर राहावी, हाही त्यातला एक हेतू असतो. 'झाडाचं आहे, अपाय नाही,' हे माझं वाक्य मला इथे पुन्हा आठवलं.

१९१४ साली फ्रान्समध्ये जॉर्ज तान्रे यांनी या झुडपातून गलेगिन नावाचं द्रव्य वेगळं केलं. त्याचं कूळ ग्वानिडिन या रसायनाचं. १९१८ साली सशांवरच्या प्रयोगात दिसलं, की ग्वानिडिननं रक्तातली साखर उतरते. पण ते विषारी होतं. गलेगिन त्यामानानं सौम्य, म्हणून काही रुग्णांना देऊनही पाहिलं. साखर उतरायची, पण परिणाम थोडा वेळ टिकायचा आणि अपायाची भीती राहायची. म्हणजे शुद्ध केलेलं मूळ द्रव्यही उपयोगी ठरलं नाही. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूच्या घडणीवरून दुसरे रेणू घडवायला सुरुवात केली. १९२२ साली डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी मेटफॉर्मिन तयार केलं. पण नुकताच इन्शुलिनचा शोध लागला होता, सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. मेटफॉर्मिन पस्तीस वर्षं मागे पडून राहिलं. १९५७ साली पॅरिसचे डॉक्टर जाँ स्टर्न यांनी मधुमेहींवर वापरून त्याचे निष्कर्ष छापले. त्यांनी त्याला नाव दिलं ग्लुकोफाज, म्हणजे साखर खाणारा.

तरीही गोष्ट संपत नाही. मेटफॉर्मिनचंच एक भावंडं होतं, फेनफॉर्मिन. तेही साखर उतरवायचं, पण काही रुग्णांच्या रक्तात त्यामुळे लॅक्टिक आम्ल साचून जीव गेले. अमेरिकेत १९७७ साली ते मागे घेण्याचा आदेश निघाला. मेटफॉर्मिनलाही संशयाच्या नजरेनं पाहिलं गेलं. अखेर १९९४ साली अमेरिकेनं त्याला परवानगी दिली. १९९८ साली ब्रिटनमधल्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष आले. वजन जास्त असलेल्या मधुमेहींत मेटफॉर्मिननं हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी झाले होते. गलेगिन वेगळं केल्यापासून तिथवर चौऱ्याऐंशी वर्षं लागली.

या कथेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आज जगभर खपणाऱ्या मेटफॉर्मिनसाठी गलेगाचं एक पानही तोडलं जात नाही. ते कारखान्यात साध्या, स्वस्त रसायनांपासून तयार होतं. म्हणजे त्या झुडपातून माणसानं अखेर काढून घेतलं ते द्रव्य नव्हतं, ती एक खूण होती. झाडानं वाट दाखवली, चालावं माणसाला लागलं.

दुसरी कथा सफरचंदाच्या झाडाची. १८३५ साली बेल्जियममधल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य काढलं. चव कडू, सिंकोनाच्या सालीसारखी. म्हणून तापावर चालेल असं त्यांना वाटलं. १८८६ साली जर्मन डॉक्टर योसेफ फॉन मेरिंग यांनी दाखवलं, की फ्लोरिझिन दिलं की लघवीतून साखर जाऊ लागते. आपली मूत्रपिंडं रक्त गाळताना त्यातली साखर वाया जाऊ देत नाहीत, परत आत घेतात. फ्लोरिझिन ती परतीची वाट अडवतं. पण पोटात घेतलं तर ते आतड्यातच मोडतं आणि जुलाबही होतात. त्यामुळे औषध म्हणून निरुपयोगी. शंभर वर्षांहून अधिक काळ ते केवळ अभ्यासाचं साधन राहिलं. मग त्याच्याच रचनेवरून, आतड्यात न मोडणारे आणि मूत्रपिंडावर नेमकं काम करणारे रेणू घडवले गेले. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही त्यांची नावं. २०१२ नंतर ती बाजारात आली. त्यांनी काही रुग्णांच्या हृदयाला आणि मूत्रपिंडालाही आधार मिळतो, असं पुढच्या चाचण्यांत दिसलं. भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० साली आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ साली संपलं. अनेक कंपन्या ती बनवू लागल्या आणि किमती उतरल्या.

मग आपल्या झाडांचं काय? त्यांच्याकडेही खुणा आहेत. गुडमार, म्हणजे आपल्याकडचा बेडकीचा पाला किंवा मधुनाशिनी, चावून पाहा आणि मग साखर तोंडात टाका. वाळू चघळल्यासारखं वाटेल. १८८७ साली उटकमंडला काम करणारे डेव्हिड हूपर यांनी या पानातून एक द्रव्य काढून त्याला जिम्नेमिक आम्ल म्हटलं. ते जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागा काही काळ अडवतं. १९९० साली मद्रासच्या संशोधकांनी बावीस मधुमेहींना नेहमीच्या गोळ्यांबरोबर या पानांचा अर्क दीड वर्षाहून अधिक काळ दिला. साखर उतरली, पाच जणांच्या गोळ्या बंद करता आल्या. उत्साह वाटावा असाच निष्कर्ष, पण रुग्ण अवघे बावीस. त्यावर मोठ्या, कडक चाचण्यांची इमारत उभी राहायला हवी होती, ती राहिली नाही. गुडमार जीभ गप्प करतो हे मात्र खरं. पण जीभ गप्प झाली म्हणून रक्तातली साखर गप्प होत नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

कोकणात सप्तरंगीची मुळं मधुमेहावर देतात. श्रीलंकेत याच कुळातल्या वेलीच्या लाकडाचे पेले करून त्यातलं पाणी पितात. माझ्या बिबळ्याच्या पेल्याचंच हे भावंडं. १९९७ साली जपानी संशोधकांनी या वेलीतून सॅलासिनॉल नावाचं द्रव्य वेगळं केलं. भात-भाकरीतल्या पिष्टाची आतड्यात साखर करणाऱ्या विकराला ते अडवतं. अशाच रीतीनं काम करणाऱ्या व्होग्लिबोजसारख्या गोळ्या आज डॉक्टर देतातच. म्हणजे त्या पेल्यामागचा लोकांचा अनुभव पोकळ नव्हता. श्रीलंकेत या वेलीच्या चहाची एक चाचणी झाली, पन्नासेक रुग्णांवर. चाचणी रीतसर होती, गुणही दिसला. पण गोळीची जागा तो चहा घेईल, एवढा पुरावा अजून नाही.

उलट उदाहरणही आहे. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहावर घेतात. तिथल्या संशोधकांनी त्याची रीतसर चाचणी घेतली, तर काहीच फरक दिसला नाही. आपण जांभळाच्या बियांची भुकटी घेतो, पानं नव्हेत. त्यामुळे ती चाचणी बियांना लागू नाही. पण झाड एक असलं तरी पान वेगळं, बी वेगळी, साल वेगळी, हा धडा त्यातून मिळतो. एवढंच काय, एकाच झाडाच्या पानात पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात द्रव्याचं प्रमाण सारखं नसतं.

अपायाचीही एक घटना सांगायलाच हवी. २०१० साली दिल्लीत एका मधुमेही शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. रस नेहमीपेक्षा जास्त कडू लागला होता. काही दुधी कडू निपजतात. त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं वाढलेली असतात. पुढे वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी सांगितलं, की दुधीचा रस करण्याआधी चव पाहा, कडू असेल तर फेकून द्या, आणि प्यायल्यावर उलटी, पोटदुखी झाली तर लगेच दवाखाना गाठा. आपली आजी भाजी चिरताना दुधीची चकती जिभेला लावून बघायची. ते शहाणपण ज्यूसरच्या घाईत हरवलं.

आणखी एक धोका पुड्यांचा. 'शंभर टक्के वनौषधी' लिहिलेल्या काही पुड्यांत साखर उतरवणाऱ्या आधुनिक गोळ्यांची भुकटी मिसळलेली सापडली आहे, आपल्याकडे आणि परदेशांतही. गुण येतो तो त्या भुकटीचा. मात्रेचा पत्ता नाही. एखाद्या रात्री साखर एकदम खाली जाते आणि म्हातारं माणूस झोपेतच बेशुद्ध होतं.

झाडांनाही आपल्या घाईची किंमत मोजावी लागते. सप्तरंगीचं मूळ खणलं, की वेल गेली. बिबळ्याच्या पेल्यासाठी गाभ्याचं लाकूड लागतं, आणि गाभा भरायला झाडाला वर्षानुवर्षं लागतात. जे द्रव्य नीट ओळखून, कारखान्यात घडवता आलं असतं, त्यासाठी आपण अख्खं झाड पाडतो आणि चार महिन्यांत फिक्या पडणाऱ्या पेल्यात त्याला संपवतो. शास्त्रीय कष्टांचा फायदा रुग्णाइतकाच जंगलालाही आहे.

मला आयुर्वेदाची किंवा युनानीची टिंगल करायची नाही. माझ्या घरात दोन्हींचा मान आहे. वैद्यांनी, हकिमांनी मात्रा आणि पथ्य यांवर किती भर दिला होता, हे त्यांचे ग्रंथ जाणणारे सांगतील. मी स्टॉलवरून पेला उचलला तेव्हा मात्राही विचारली नाही आणि पथ्यही. मी परंपरा पाळली नव्हती, फक्त खरेदी केली होती.

म्हणून जाता जाता चार गोष्टी. चालू असलेली गोळी किंवा इन्शुलिन स्वतःहून बंद करू नका. ज्या मुलांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्यांचं इन्शुलिन कुठल्याही पाल्यासाठी एक दिवससुद्धा थांबवू नका, ते जिवावर बेततं. काढा, भुकटी, रस काही घेत असाल तर डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, कारण गोळी आणि पाला दोन्ही मिळून साखर फार खाली नेऊ शकतात. रोजे किंवा उपास धरणार असाल तर आधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्या. आणि रात्री झोपण्यापूर्वी पावलं पाहा, उजेडात, बोटांच्या मधल्या जागासुद्धा.

खाला आता घरात पुढून बंद असलेली चप्पल घालते. गोळ्या वेळेवर घेते. मी एकदा धीर करून तिची माफी मागितली आणि तो पेला फेकून देतो म्हणालो. ती म्हणाली, "पेल्याला कशाला फेकतोस बाळा? त्यानं कुठे सांगितलं होतं गोळ्या सोड म्हणून!" आता त्या पेल्यात ती डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि तपासणीचे कागद गुंडाळून ठेवते. मी गेलो की आधी ते कागद काढून माझ्या हातात देते, आणि मी मुकाट्यानं वाचून दाखवतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)